फोन बोलतो पण अ‍ॅप गप्प बसतं: दिव्यांगांना वापरता येईल अशा अ‍ॅप-वेबसाइटची मागणी कशी करायची

माझा दादा गोव्यात डिचोलीला असतो. रेटिनायटिस पिगमेंटोसा म्हणून डोळ्यांचा आजार असतो ना, तो. आधी रात्रीचं दिसेना, मग बाजूचं दिसेना, आणि आता गेली आठ-नऊ वर्षं उजेड आहे की अंधार एवढंच कळतं. भजनी मंडळात पखवाज वाजवतो, फोन माझ्यापेक्षा भराभर वापरतो, टॉकबॅकचा आवाज एवढ्या स्पीडला ठेवलाय की मला त्यातला एक शब्द कळत नाही आणि तो आरामात बातम्या ऐकत चहा पितो. टॉकबॅक म्हणजे अँड्रॉइड फोनमधला स्क्रीन रीडर, बोट जिथे लावाल तिथे काय लिहिलंय ते बोलून दाखवतो.

तर दोन वर्षांपूर्वी त्याच्या बँकेच्या अ‍ॅपला अपडेट आलं. पैसे पाठवायच्या पानावर आधी "पुढे जा" असं बोलणारं बटन होतं, ते आता "अनलेबल्ड, बटन" एवढंच बोलायला लागलं, म्हणजे नाव नसलेलं बटन. दोन बटनं शेजारी-शेजारी आणि दोन्ही तसंच बोलणार, त्यातलं एक पैसे पाठवतं आणि एक सगळं रद्द करतं. ब्रँचमध्ये गेलो तर काउंटरवरच्या माणसाने मला सांगितलं, "मॅडम तुम्हीच करून द्या की, ते पिन सांगतील तुम्हाला." दादा बाजूलाच उभा होता, त्याच्याशी तो माणूस बोललाच नाही.

त्या एका बटनाच्या मागे आमचे तीन महिने गेले. त्यातून जे शिकले, आणि नंतर दुसऱ्यांच्या तक्रारी लिहून देताना जे कळत गेलं, ते सगळं इथे लिहितेय, कारण परवा एका ओळखीच्या बाईने विचारलं की मुलाला ऐकू येत नाही आणि शाळेचं सगळं ऑनलाइन व्हिडिओवर, सबटायटल नाहीत, कोणाला सांगायचं, कसं सांगायचं. तिच्यासारख्या पहिल्यांदाच या कामाला लागणाऱ्यांसाठी हे आहे.

सुरुवात आपल्या ग्रुपपासून

सरकारला पत्र लिहायच्या आधी आपला व्हॉट्सअ‍ॅप उघडा. देवळाची जत्रा असली की ग्रुपवर काय येतं? पत्रिकेचा फोटो. पंचायतीची नोटीस, पाणी बंद राहणार त्याची सूचना, कोणाच्या घरी बारावं आहे ते, सगळे फोटोच. दादाच्या फोनला त्यातलं "फोटो" एवढंच कळतं. फोटोतली अक्षरं वाचणारी अ‍ॅपं आहेत, तो वापरतो पण, पण सजावटीच्या अक्षरांत छापलेली तारीख एकदा १३ ची १८ वाचली गेली आणि त्याची पालखी चुकली. मंडळाच्या सेक्रेटरीला मी एवढंच म्हटलं की फोटोखाली तोच मजकूर टाइप करून टाका, चार ओळींचा तर असतो. आता टाकतात. आणि बाकीच्यांना पण बरं पडलं, कारण चष्मा शोधायला नको आणि मजकूर कॉपी करून पुढे पाठवता येतो.

हे आधी करायला सांगते कारण इथे तुम्हाला मागणी करायची सवय होते. काय अडलं, काय केलं की सुटेल, आणि ते किती सोपं आहे, या तीन गोष्टी ओळखीच्या माणसाला नीट सांगता आल्या तर मामलेदार कचेरीतही सांगता येतात.

ज्याचं अडलंय त्याला विचारा, त्याच्या नावाने ठरवू नका

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आम्ही घरचे लोक फार लवकर "त्याला काय पाहिजे" ते ठरवून टाकतो. दादाला ब्रेल येत नाही, डोळे मोठेपणी गेले ना, तर त्याच्यासाठी ब्रेलमध्ये फॉर्म मागून काही उपयोग नाही. शेजारच्या एका मुलीला अजिबात ऐकू येत नाही, तिची पहिली भाषा म्हणजे भारतीय सांकेतिक भाषा, म्हणजे हातांची भाषा. घरात मराठी-कोकणी, शाळेत इंग्रजी, त्यामुळे लिहिलेलं लांबलचक मराठी वाचताना ती अडते. लोकांना वाटतं बहिऱ्या माणसाला लिहून दिलं की झालं. काहींना पुरतं, सगळ्यांना नाही. काहींना इंटरप्रिटर लागतो, निदान व्हिडिओ कॉलवर तरी.

ज्यांना बोलता येत नाही किंवा बोललेलं दुसऱ्याला कळत नाही, सेरेब्रल पाल्सी असलेली मुलं किंवा पक्षाघात झालेली माणसं, त्यांच्यासाठी चित्रांवर बोट ठेवलं की फोन बोलतो अशी अ‍ॅपं आहेत, जेलो नावाचं एक आयआयटी मुंबईच्या डिझाइन विभागाने बनवलंय, फुकट आहे आणि मराठीत पण आहे. ज्यांचा हात थरथरतो त्यांना छोटी बटनं दाबता येत नाहीत, ओटीपी टाकेपर्यंत वेळ संपून जातो. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारचं अपंगत्व मोजलंय, आणि प्रत्येकाचं अडणं वेगळं.

म्हणून बसा त्या माणसाच्या शेजारी, फोन त्याच्याच हातात राहू दे, आणि तो कुठे थांबतो ते बघा. मध्ये हात घालू नका. मला हे फार जड गेलं, कारण हात आपोआप पुढे जातो.

एक साधी कसोटी सांगते, मी ती सगळीकडे लावते: जी गोष्ट दिसते ती ऐकू पण यायला पाहिजे आणि जी ऐकू येते ती दिसायला पण पाहिजे. हॉस्पिटलात टोकनचा नंबर नुसता पाटीवर लागला तर दादाला कळत नाही, नुसता पुकारला तर शेजारच्या मुलीला कळत नाही.

मग स्वतः तपासा

टॉकबॅक चालू करायच्या आधी बंद कसा करायचा ते शिका. नाहीतर फोनवर काहीच दाबलं जाईना म्हणून घाबरायला होतं. सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी असं पान असतं, तिथे टॉकबॅकचा शॉर्टकट चालू करून ठेवा, मग आवाजाची दोन्ही बटनं एकत्र काही सेकंद दाबून धरली की चालू आणि परत तसंच केलं की बंद. आयफोनमध्ये त्यालाच व्हॉइसओव्हर म्हणतात. चालू झालं की एका बोटाने उजवीकडे सरकवायचं, पुढची गोष्ट बोलली जाते, दाबायचं असेल तर दोनदा टॅप, आणि पान वर-खाली करायला दोन बोटं, आयफोनमध्ये तीन.

आता डोळे मिटा आणि एकच काम करायचा प्रयत्न करा. लाइट बिल भरा, नाहीतर दाखल्याचा फॉर्म भरा. जिथे "अनलेबल्ड" ऐकू येईल, जिथे नुसतं "इमेज" ऐकू येईल, जिथे बोट सरकवत राहिलात तरी ते बटन येतच नाही, तिथे थांबा. ती जागा लिहून ठेवा. गूगलचं अ‍ॅक्सेसिबिलिटी स्कॅनर नावाचं फुकट अ‍ॅप आहे, ते पण पानावरचे दोष दाखवतं, लेबल नाही, बटन छोटं, अक्षर फिकट वगैरे. पण त्याच्या यादीपेक्षा माणूस कुठे अडला ते जास्त महत्त्वाचं, यादी पाठवली की समोरचा त्यातली सोपी चार कामं करतो आणि अडलेलं तसंच राहतं.

कॉम्प्युटरवर असाल तर माउस बाजूला ठेवा आणि टॅबच्या कीने पुढे-पुढे जाऊन बघा, फॉर्म शेवटपर्यंत भरता येतो का. विंडोजवर एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर फुकट मिळतो, अंध प्रोग्रामरांनीच सुरू केलेला आहे.

मराठी पीडीएफचं एक वेगळंच दुखणं आहे आणि ते नीट समजून घ्या कारण आपल्याकडे हे फार होतं. जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेलं असेल तर डोळ्याला ते मराठी दिसतं पण आतमध्ये कॉम्प्युटरला ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात, म्हणून स्क्रीन रीडर ते वाचताना नुसता गोंधळ ऐकू येतो, डी-के-स्लॅश-कंस असं काहीतरी. आणि स्कॅन केलेलं असेल तर काहीच ऐकू येत नाही. हे तपासायला स्क्रीन रीडर पण लागत नाही. पीडीएफमधली एक ओळ निवडा, कॉपी करा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पेस्ट करा. मराठी आलं तर युनिकोड आहे, म्हणजे कुठल्याही फोन-कॉम्प्युटरला कळणारी अक्षरं, बरं आहे. भलतंच काही आलं तर जुना फॉन्ट. ओळ निवडलीच जात नसेल तर तो फोटो आहे. एका मिनिटाचं काम, आणि ऑफिसात क्लार्कच्या समोर करून दाखवलं की त्याला लगेच पटतं, मी तीनदा केलंय. त्याला सांगायचं की हेच युनिकोडमध्ये टाइप करून, वर्डमधून थेट पीडीएफ काढा, प्रिंट मारून सही करून परत स्कॅन करू नका. सही पाहिजे असेल तर सहीचा कागद वेगळा जोडा आणि मजकुराची फाइल वेगळी.

व्हिडिओ असेल तर आवाज बंद करून बघा. किती कळलं? आपोआप येणारे सबटायटल गावांची नावं आणि आकडे चुकवतात, आणि सूचनेत महत्त्वाचं तर तेवढंच असतं. कस्टमर केअरला फक्त फोनच करता येतो का, मेसेज किंवा ईमेल चालतो का, ते पण बघा. ऐकू न येणाऱ्या माणसाला "कन्फर्म करायला कॉल येईल" म्हणजे दार बंद.

पुरावा जमवा

दुसऱ्या फोनवरून व्हिडिओ काढा, म्हणजे स्क्रीन आणि टॉकबॅकचा आवाज दोन्ही येतात. फोनच्या स्वतःच्या स्क्रीन रेकॉर्डिंगमध्ये कधी कधी टॉकबॅकचा आवाजच येत नाही, आमचा पहिला व्हिडिओ तसाच मुका गेला. टॉकबॅकच्या सेटिंगमध्ये आत डेव्हलपर सेटिंग आहे, तिथे बोललेलं स्क्रीनवर अक्षरात दाखवायची सोय आहे, ती चालू केली तर स्क्रीनशॉटमध्ये पण "अनलेबल्ड" हा शब्द दिसतो. व्हिडिओ एक मिनिटाच्या आत. खातं नंबर, ओटीपी, आधार नंबर दिसता कामा नये, म्हणून पाठवायच्या आधी एकदा सगळा बघा.

तारीख, फोन कुठला, अ‍ॅपची आवृत्ती कुठली हे लिहून ठेवा. ज्याचं अडलंय त्याचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, असेल तर त्याची प्रत जवळ असू द्या. नसेल तर तक्रार थांबवू नका, पण कार्डासाठी अर्ज करून टाका, स्वावलंबन पोर्टलवर होतो.

पत्र

मी पहिलं पत्र दोन पानी लिहिलं होतं. संविधान, समानता, दादाचं आयुष्य, माझा राग, सगळं त्यात होतं. त्याला उत्तर आलं की "आपली सूचना संबंधित विभागाकडे पाठवली आहे", आणि पुढे दीड महिना काही नाही. दुसरं पत्र दादाने सांगितलं आणि मी टाइप केलं. ते असं होतं:

"विषय: अ‍ॅपच्या पैसे पाठवा पानावरचं बटन स्क्रीन रीडर वाचत नाही. मी पूर्ण अंध ग्राहक आहे. अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक लावून तुमचं अ‍ॅप वापरतो. नाव निवडणं आणि रक्कम टाकणं इथपर्यंत सगळं वाचलं जातं. त्यानंतर खाली दोन बटनं आहेत, दोन्हींवर फक्त 'अनलेबल्ड' ऐकू येतं, त्यामुळे पैसे जातायत की व्यवहार रद्द होतोय ते मला कळत नाही. मागच्या आवृत्तीत ती नीट वाचली जात होती. दोन्ही बटनांना लेबल द्यावं. व्हिडिओ जोडला आहे. १५ दिवसांत उत्तर द्यावं आणि ते ईमेलने द्यावं, कागदावरचं उत्तर मला वाचता येणार नाही."

एवढंच. यात कोणाला काही विचारायला लागत नाही, प्रोग्रामरच्या हातात दिलं तर त्याला जागा सापडते. "मागच्या आवृत्तीत चालत होतं" हे असेल तर नक्की लिहा, कारण मग "जमत नाही" असं म्हणता येत नाही. आणि सही, नाव, ईमेल ज्याचं अडलंय त्याचं. तुम्ही टाइप करून दिलं तरी बोलणारा तोच.

पत्र मराठीत लिहायला लाजू नका. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोकणी राजभाषा आहे आणि सरकारी कामात मराठीला पण जागा दिलेली आहे. ईमेल करा, आणि सरकारी ऑफिस असेल तर एक प्रत हातात नेऊन इनवर्डचा शिक्का मारून घ्या. "जातलें, पळोवया" (होईल, बघू) असं तोंडी सांगून पाठवतील, तेव्हा हसत म्हणायचं, बरं, पण शिक्का मारा.

कायदा किती माहीत असावा

वकील व्हायची गरज नाही, चार-पाच गोष्टी पुरतात. दिव्यांग व्यक्तींचे हक्क कायदा २०१६, लागू झाला १९ एप्रिल २०१७ ला. त्यातलं कलम ४२ आपलं. छापील, ऑडिओ, इलेक्ट्रॉनिक माध्यमातला मजकूर दिव्यांगांना वापरता येईल अशा रूपात असावा, ऑडिओ वर्णन, सांकेतिक भाषा आणि सबटायटल असावेत, आणि रोजच्या वापरातली इलेक्ट्रॉनिक उपकरणं सगळ्यांना वापरता येतील अशी असावीत यासाठी सरकारने पावलं उचलायची, असं ते सांगतं. कलम ४६ मध्ये सेवा देणारे सरकारी असोत की खाजगी, दोघांनाही नियम पाळायचेत. कलम ८९ दंडाचं, पहिल्यांदा १० हजारांपर्यंत आणि नंतर ५० हजार ते ५ लाख.

तांत्रिक मापं पण ठरलेली आहेत. सरकारी वेबसाइटसाठी मार्गदर्शक सूचना आहेत, जीआयजीडब्ल्यू ३.०. आणि भारतीय मानक आयएस १७८०२, जे २०२३ मध्ये केंद्राच्या नियमांत आलं, ते अ‍ॅप, वेबसाइट, कागदपत्रं, यंत्रं या सगळ्यांना धरून आहे. पत्रात हा एक नंबर लिहिला तरी समोरच्या आयटीवाल्याला कळतं की आपण गंभीरपणे बोलतोय.

कोर्टाचे दोन निकाल लक्षात ठेवा. ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतूरी यांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की या कायद्याखालच्या २०१७ च्या नियमांतला नियम १५ नुसत्या शिफारशींसारखा आहे आणि ते कायद्याला धरून नाही, सक्तीचे किमान नियम करा, त्यासाठी केंद्राला तीन महिने दिले. आणि ३० एप्रिल २०२५ ला केवायसीबद्दलचा, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवण्याबद्दलचा निकाल आला. अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून आणि इतरांची एक याचिका, आणि अमर जैन या अंध वकिलांची दुसरी. डिजिटल केवायसीत डोळे मिचकावा, चेहरा चौकटीत धरा, असं सांगतात, ज्यांच्या पापण्याच राहिल्या नाहीत त्यांनी काय मिचकावायचं आणि ज्याला दिसत नाही त्याने चौकट कशी शोधायची? कोर्टाने डिजिटल सेवा मिळणं हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग धरला आणि २० निर्देश दिले. हा निकाल मी दादाला वाचून दाखवला तेव्हा तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, पापण्यांचं परत वाच.

उत्तर नाही आलं तर कुठे

इथे नवीन माणूस चुकतो, म्हणून सावकाश वाचा. विषय राज्य सरकारचा असेल, म्हणजे पंचायत, नगरपालिका, राज्याचं खातं, सरकारी हॉस्पिटल, तर राज्य दिव्यांगजन आयुक्त, ऑफिस पणजीला. विषय केंद्राचा असेल, बँक, पोस्ट, रेल्वे, टेलिफोन, तर दिल्लीचे मुख्य आयुक्त. वकील करायची सक्ती नाही. आयुक्तांना चौकशीसाठी दिवाणी कोर्टासारखे अधिकार आहेत, माणसं बोलावता येतात, कागद मागवता येतात. त्यांनी शिफारस केली की त्या खात्याने काय केलं ते तीन महिन्यांत कळवायचं असतं. म्हणून शिफारशीची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि तीन महिने झाले की विचारा.

बँकेचं असेल तर आणखी एक वाट आहे. आधी बँकेकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या ओम्बड्समनकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, पैसे लागत नाहीत, माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. एटीएमबद्दल बोलायचं असेल तर १ जुलै २०१४ पासून बसवलेलं प्रत्येक नवीन एटीएम बोलणारं आणि ब्रेल कीपॅडचं असायला पाहिजे असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. तुमच्या गावातल्या एटीएमला इयरफोन लावून बघा, बोलतंय का.

सरकारी नोकरीत असलेल्या दिव्यांगाला ऑफिसचं सॉफ्टवेअर वापरता येत नसेल तर ते थोडं वेगळं, त्यासाठी प्रत्येक सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमायचाय, आणि नोंद झालेल्या तक्रारीची चौकशी दोन आठवड्यांत व्हायला पाहिजे.

आणि माहितीचा अधिकार. १० रुपये फी, ३० दिवस. विचारायचं काय तर: तुमच्या वेबसाइटचं अ‍ॅक्सेसिबिलिटी ऑडिट (दिव्यांगांना वापरता येते का याची तपासणी) कधी झालं, रिपोर्टची प्रत द्या, वेबसाइट बनवणाऱ्याशी केलेल्या करारात याची अट आहे का, त्या पानाची प्रत द्या. बऱ्याचदा नुसत्या या अर्जानेच काम हलतं. त्या कायद्यात एक चांगली गोष्ट आहे जी खूप जणांना माहीत नसते, लिहिता येत नसेल तर अधिकाऱ्याने तोंडी अर्ज लिहून घ्यायला मदत करायची असते, आणि दिसत किंवा ऐकू येत नसेल तर मिळालेली माहिती वापरता येईल अशी मदत पण द्यायची असते. ते मागून घ्या.

एकट्याने नको

एका माणसाची तक्रार "त्यांच्या फोनचा प्रॉब्लेम असेल" म्हणून सुटते. तीन वेगळ्या फोनवरून तीन माणसांनी तेच दाखवलं की तसं म्हणता येत नाही. गोव्यात माणसं शोधायला जागा आहेत, फोंड्याजवळ ढवळीला लोकविश्वास प्रतिष्ठान, पर्वरीला संजय स्कूल, डिसेबिलिटी राइट्स असोसिएशन ऑफ गोवा. पणजीत २०२३ पासून पर्पल फेस्ट होतो, तिथे देशभरातले दिव्यांग कार्यकर्ते, सॉफ्टवेअर बनवणारे, सांकेतिक भाषेचे इंटरप्रिटर एकाच जागी भेटतात, नुसतं बघायला म्हणून जाऊ नका, आपलं अडलेलं पान फोनवर उघडून न्या आणि दाखवा.

मीटिंग ठेवलीत तर इंटरप्रिटर आधीच सांगून ठेवा, आयत्या वेळी मिळत नाही. आणि त्याचे पैसे द्या, ते समाजसेवा करायला आलेले नसतात, त्यांचं ते काम आहे.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग मोजले गेले, गोव्यात ३३ हजार, आणि तेव्हा प्रकार आठच होते. कोणी म्हणालं की "असे कितीसे लोक वापरणार", तर हा आकडा सांगा, आणि मोतीबिंदू झालेले सगळे आजी-आजोबा त्यात धरलेले नसतील हे पण सांगा.

विकत घ्यायच्या वेळीच बोला

झालेलं अ‍ॅप दुरुस्त करून घेणं कठीण, नवीन घेताना अट घालणं सोपं. तुमची पंचायत वेबसाइट करतेय, शाळा पालकांसाठी अ‍ॅप घेतेय, हॉस्पिटल टोकनचं मशीन आणतंय असं कळलं की लगेच लेखी द्या: टेंडरमध्ये आयएस १७८०२ ची अट घाला, आणि बिल द्यायच्या आधी एका अंध आणि एका कर्णबधिर माणसाकडून वापरून घ्या. ग्रामसभेत हा ठराव मांडता येतो. मांडताना कोणी विरोध करत नाही, फक्त तो ठराव वहीत नीट लिहिला गेलाय का ते वाचून बघा, कारण "दिव्यांगांची सोय करावी" एवढंच लिहिलं तर त्यातून रॅम्प होतो, वेबसाइट नाही. मानकाचा नंबर आणि "दोघांकडून वापरून घेतल्यावरच बिल" हे शब्द आलेच पाहिजेत.

दुरुस्त झाल्यावर

आधी धन्यवादाचं पत्र पाठवा, त्या प्रोग्रामरपर्यंत पोचेल असं. मी पाठवलं होतं, त्याला उत्तर आलं, आणि त्या उत्तरात पहिल्यांदा एका माणसाचं नाव आणि थेट ईमेल होता. तो पत्ता आता दादाकडे आहे.

मग ऑटो अपडेट बंद करा निदान त्या एका अ‍ॅपचं, आणि नवीन आवृत्ती आली की आधी घरातल्या दुसऱ्या फोनवर घालून तपासा, कारण लेबल एकदा लागलं म्हणजे कायमचं राहतं असं नाही, डिझाइन बदललं की परत जातं. दादाचं दोन वर्षांत दोनदा गेलं. पहिल्यांदा तीन महिने लागले होते, दुसऱ्यांदा त्याने स्वतःच व्हिडिओ काढून घेतला, सहा ओळी फोनवर बोलून टाइप केल्या, त्या पत्त्यावर पाठवल्या, आणि अकराव्या दिवशी अपडेट आलं. मला त्याने संध्याकाळी मंडळाची वर्गणी पाठवून झाल्यावर सांगितलं.